अंधारी मैफल, ३६ फोटो: फिल्म कॅमेऱ्यावर गाणं आणि रोजचं जगणं कसं टिपतात?

इन्स्टाग्रामवर कॉन्सर्टचे फोटो बघताना एक गोष्ट तुमच्या नजरेत आली असेल. स्टेजवर गायक, मागे अंधार आणि प्रत्येक दिव्याभोवती लालसर नारिंगी वलय. फोटोवर थोडे दाणे, कडा जरा मऊ. खाली हॅशटॅग असतो ३५ एमएमचा. काही वेळा हा ॲपचा फिल्टर असतो, पण बऱ्याचदा तो खरोखर फिल्मवर काढलेला फोटो असतो. आपल्या आईवडिलांनी कपाटात टाकून दिलेले कॅमेरे विशी-पंचविशीतली पोरं बाहेर काढून गाण्याच्या कार्यक्रमांना, कट्ट्यावर, लोकलमध्ये घेऊन फिरताहेत.

मजा अशी, की फिल्मसाठी सगळ्यात अवघड जागा कोणती, तर अंधारातलं हलणारं स्टेज. तिथे फोन सहज फोटो काढतो आणि फिल्म घाम फोडते. तरीही लोक हा उद्योग का करतात आणि तो नेमका कसा जमतो, हे आज समजून घेऊ.

आधी फिल्मची गंमत

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण. कणावर प्रकाश पडला की त्यात एक बारीक रासायनिक बदल होतो, जो डोळ्यांना दिसत नाही. रोल धुताना डेव्हलपर नावाचं रसायन त्याच कणांचं धातूच्या चांदीत रूपांतर करतं, बाकीचे कण पुढच्या टप्प्यात धुऊन निघतात. जिथे प्रकाश जास्त तिथे चांदी जास्त, म्हणून ती जागा काळी. हीच आपली निगेटिव्ह. रंगीत फिल्ममध्ये असे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात, आणि शेवटी चांदी काढून टाकून रंगद्रव्य तेवढं ठेवलं जातं.

३५ एमएम फिल्मवरची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. एका रोलमध्ये ३६ फोटो, गुंडाळताना हात सांभाळला तर ३७वाही निघतो. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, हा ३७वा फोटो म्हणजे त्या काळचा बोनस होता.

आता कळीचा आकडा: आयएसओ, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते. १०० ची फिल्म उन्हासाठी, ४०० ची सगळीकडे चालणारी, ८०० आणि वरची अंधारासाठी. संवेदनशीलता वाढवायची तर साधारणपणे कण मोठे लागतात, म्हणून वेगवान फिल्म जास्त दाणेदार दिसते. डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आयएसओ बदलता येतो. फिल्ममध्ये रोल घातला की ३६ फोटो त्याच आकड्याला बांधले गेलात.

याचा त्रास कुठे होतो, ते दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात कळतं. पहाटे साडेपाचला भूपाळी सुरू होते तेव्हा स्टेजवर फक्त दिवे आणि समोर काळोख. साडेसातला भैरवी होते तेव्हा लख्ख उजाडलेलं. पहिल्यासाठी ८०० किंवा १६०० हवं, शेवटच्यासाठी १००-२०० पुरे. अनुभवी माणूस तिथे वेगवान रोल घालून बसतो आणि उजाडल्यावर ॲपर्चर बारीक करत जातो. ज्याच्याकडे दोन बॉडी आहेत तो दोन वेगळे रोल नेतो.

स्टेजवर प्रकाश असतो तरी किती?

आपले डोळे फार लबाड असतात. त्यांना हॉलमधलं स्टेज झगझगीत वाटतं. आकड्यात बघू. भर उन्हात ४०० ची फिल्म असेल तर एफ/१६ ॲपर्चर आणि १/४०० सेकंद शटर, एवढ्यात काम होतं. छोट्या सभागृहातल्या साध्या दिव्यांखाली त्याच फिल्मला एफ/२ आणि १/६० सेकंद लागतात. म्हणजे प्रकाश चारशेहून अधिक पटींनी कमी! मोठ्या रॉक कॉन्सर्टमध्ये चेहऱ्यावर स्पॉटलाइट असेल तर परिस्थिती बरी असते, आणि कॅफेतल्या ओपन माइकला याहूनही वाईट.

१/६० सेकंद हे स्थिर बसलेल्या गायकाला चालतं. तबलजीच्या बोटांना नाही, नाचणाऱ्या गिटारवाल्याला तर मुळीच नाही. तिथे १/१२५ किंवा १/२५० हवं. मग उरलेला प्रकाश आणायचा कुठून?

पहिला उपाय लेन्सचा. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांबरोबर येणारी ५० एमएम एफ/१.८ ही लेन्स याच कामाची आहे आणि ती स्वस्तात मिळते. झूम लेन्स घरी ठेवा. एफ/४ किंवा एफ/५.६ च्या झूमने अंधारात फिल्मवर काही साधत नाही, त्यापेक्षा चार पावलं पुढे सरका.

दुसरा उपाय म्हणजे पुश करणं, आणि संगीताचे कितीतरी कृष्णधवल फोटो याच युक्तीवर निघाले आहेत. समजा फिल्म ४०० ची आहे. कॅमेऱ्याला खोटंच सांगायचं की ही १६०० ची आहे. कॅमेरा त्या हिशेबाने चौपट कमी प्रकाश देतो. मग धुताना रोल डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. ईलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म त्यांच्याच आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सियसला एरवी साडेसात मिनिटं लागते, १६०० ला काढली असेल तर १४ मिनिटं. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ पासून ३५ एमएममध्ये मिळते आहे आणि तीही अशी ताणायला प्रसिद्ध आहे.

पण यात जादू नाही, हे नीट लक्षात घ्या. जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे कितीही वेळ धुतलं तरी काही उमटत नाही. पुश केल्यावर उजेडातला भाग उचलला जातो, सावल्या रिकाम्या काळ्या होतात, दाणे वाढतात आणि विरोधाभास कडक होतो. चेहरा आणि वाद्य दिसतं, मागची सतरंजी गायब. गाण्याच्या फोटोला हे बहुतेक वेळा शोभतं. कौटुंबिक समारंभाला शोभत नाही, तिथे मागे बसलेली आत्याही दिसायला हवी असते.

बाजारात ३२०० लिहिलेल्या फिल्मही आहेत: ईलफर्डची डेल्टा ३२०० आणि कोडॅकची टी-मॅक्स पी३२००. यातली दुसरी २०१२ मध्ये बंद झाली होती आणि २०१८ मध्ये मागणीमुळे परत आली. यांची खरी संवेदनशीलता हजारच्या आसपास आहे, ३२०० हा आकडा त्या पुश करूनच गाठतात. रोल लॅबमध्ये देताना मात्र तो कितीला काढलाय हे डबीवर ठळक लिहा आणि तोंडानेही सांगा. न सांगितलेला पुश म्हणजे ३६ फिकट निगेटिव्ह.

ते लाल वलय येतं कुठून?

सिनेस्टिल ८००टी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ही मुळात सिनेमाची फिल्म आहे, कोडॅकची व्हिजन३ ५००टी. सिनेमाच्या फिल्मला पाठीमागे कार्बनचा काळा थर असायचा, त्याला रेमजेट म्हणतात. फिल्ममधून आरपार गेलेला प्रकाश हा थर गिळून टाकायचा. पण साध्या रंगीत लॅबच्या सी-४१ प्रक्रियेत तो थर गेला तर सगळी रसायनं खराब होतात. म्हणून हा थर आधीच काढून ती फिल्म विकली जाऊ लागली. आता प्रखर दिव्याचा प्रकाश फिल्ममधून पार जातो, मागच्या पट्टीवर आपटून परत येतो आणि मागून फिल्मवर पडतो. मागच्या बाजूने सर्वांत आधी लागतो तो लाल प्रकाशाचा थर. म्हणून वलय लाल. थोडक्यात, सगळं जग ज्याच्या प्रेमात पडलंय तो मुळात एका संरक्षक थराच्या गैरहजेरीचा परिणाम आहे!

नावातला 'टी' म्हणजे टंगस्टन. पिवळ्या बल्बच्या, ३२०० केल्व्हिनच्या प्रकाशात रंग बरोबर यावेत अशी तिची घडण आहे. साधी डेलाइट फिल्म त्याच दिव्यांखाली वापरली तर सगळं नारिंगी येतं. हे दुरुस्त करता येतं, पण हल्लीच्या स्टेजवर दुसरीच पंचाईत आहे, ती एलईडीची. जुने स्टेजचे दिवे पिवळे होते आणि त्यापुढे रंगीत कागद लावायचे. एलईडी दिवे शुद्ध निळा, शुद्ध लाल असा एकाच रंगाचा मारा करतात. त्यावेळी रंगीत फिल्मच्या तीन थरांपैकी जवळपास एकाच थरावर चित्र उमटतं, बाकीचे दोन उपाशी. चेहऱ्याचा तपशील जातो आणि लाल रंगाचा सपाट गोळा उरतो. अशा कार्यक्रमाला सरळ कृष्णधवल रोल न्यावा असं माझं मत आहे. रंगाचा हट्टच असेल तर दिवे पांढरे होण्याची वाट पाहा. दर गाण्यात एखादा क्षण तसा येतोच.

आणि हो, पार्ट्यांमध्ये फिरणारे ते डिस्पोजेबल कॅमेरे. त्यांचं ॲपर्चर बारीक आणि शटर एकच, त्यामुळे अंधारात सगळी मदार फ्लॅशवर. तो फ्लॅश साधारण ३-४ मीटरपर्यंत पोचतो. विसाव्या रांगेतून स्टेजचा फोटो काढलात तर समोरच्या प्रेक्षकांची डोकी छान येतील, गायक येणार नाही. हे कॅमेरे मित्रांसाठी वापरा, स्टेजसाठी नको.

समेवर शटर दाबा

डिजिटल कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो मारतो आणि त्यातला एक बरा निघतो. फिल्मवर असा गोळीबार परवडत नाही. अंगठ्याने लिव्हर ओढून पुढची चौकट आणायची, मग फोटो. म्हणून इथे क्षण आधी ओळखावा लागतो, आणि ज्याला गाणं कळतं त्याला तो ओळखता येतो.

शास्त्रीय संगीतात तर हे फार सुंदर जमतं. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून समेवर येणार हे पक्कं असतं. तिहाई सुरू झाली की काय होणार, ते हॉलमधल्या सगळ्यांना माहीत असतं. सम येताच गायकाचा हात खाली येतो, तबलजी मान वर करतो, दोघांची नजरानजर होते, पहिल्या रांगेतून 'वाहवा' उठते. फोटो तिथेच असतो. शिवाय त्याच वेळी आवाजही असतो, त्यामुळे तुमच्या शटरचा 'खटॅक' त्यात विरून जातो.

हा खटॅक किरकोळ समजू नका. एसएलआर कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आतला आरसा वर उडतो आणि शांत आलापीत तो आवाज चार रांगा मागेपर्यंत जातो. विलंबित ख्यालात गायक षड्जावर स्थिरावलेला असताना कुणी शटर वाजवलं, तर अख्खी रांग वळून बघते, आणि बरोबरच करते. यावर तोडगा म्हणजे आरसा नसलेले रेंजफाइंडर कॅमेरे. लायका महाग असतात, पण कॅननेट क्यूएल१७ किंवा याशिका इलेक्ट्रो ३५ यांची शटर लेन्सच्या आत असतात आणि अगदी हळू वाजतात. दोन्हींची लेन्स एफ/१.७. एक सूचना: इलेक्ट्रो ३५ ची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, त्यामुळे ती घेताना बॅटरीचा ॲडॅप्टर आहे ना, ते बघा.

रॉक कॉन्सर्टमध्ये आवाजाची चिंता नाही, वेळेची आहे. जगभर तिथे एक अलिखित नियम चालतो: फोटोग्राफरला पहिली तीन गाणी, आणि फ्लॅश बंद. तीन गाणी म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. फिल्मवाल्याला त्यात रोल बदलायला लागणारं मिनिटभरही मोजावं लागतं. उडी मारणारा गिटारवाला उडीच्या टोकाला क्षणभर थबकतो, तिथे १/१२५ लाही तो स्थिर मिळतो. माइकने तोंड झाकलं जातं म्हणून समोर उभं न राहता जरा बाजूला उभं राहायचं. आणि मीटरवर विसंबायचं नाही. मागचा काळोख बघून मीटर घाबरतं, जास्त प्रकाश द्यायला सांगतं आणि चेहरा पांढराफटक होतो. चेहऱ्यापुरतं मोजावं, नाहीतर एकदा मोजून ते आकडे पक्के करून टाकावेत.

फोकस चुकलेला फोटो

सप्टेंबर १९७९. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम या सभागृहात इंग्लंडच्या 'द क्लॅश' या पंक बँडचा कार्यक्रम. बसवादक पॉल सिमोनन वैतागलेला होता, कारण प्रेक्षकांना खुर्चीतून उठूच दिलं जात नव्हतं. शेवटी त्याने हातातली बस गिटार उलटी धरून स्टेजवर आपटली. पेनी स्मिथ ही फोटोग्राफर स्टेजच्या कडेला होती. तो तिच्याच दिशेने येतोय हे बघून ती मागे सरकली आणि सरकता सरकता शटर दाबलं.

फोटो धूसर आला. पेनी स्मिथचं म्हणणं पडलं की हा वापरू नका, फोकसमध्येच नाही. बँडचा जो स्ट्रमर आणि कव्हर करणारा चित्रकार रे लोरी यांनी ऐकलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या 'लंडन कॉलिंग' या अल्बमवर तोच फोटो छापला. २००२ मध्ये ब्रिटनच्या 'क्यू' मासिकाने त्याला रॉक संगीतातला सर्वोत्तम फोटो ठरवलं आणि २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने त्या कव्हरचं तिकीटही काढलं.

आज हा फोटो फोनवर निघाला असता तर मागच्या डिस्प्लेवर बघून तिथल्या तिथे डिलीट झाला असता. फिल्मवर तसं करताच येत नाही. चुकलेली चौकट बरोबर आलेल्या चौकटींच्या मध्ये बसून राहते आणि दुसऱ्या कुणाची नजर पडेपर्यंत टिकते.

रॉय डिकॅराव्हा: जॅझ आणि जिना

संगीत आणि रोजचं जगणं हे एकाच रोलवर कसं येतं हे बघायचं असेल तर मी तुम्हाला रॉय डिकॅराव्हाचे फोटो शोधायला सांगेन. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मलेला हा माणूस मुळात चित्रकार. चित्रांसाठी संदर्भ गोळा करायला त्याने हातात कॅमेरा घेतला आणि मग तोच धरला. १९५२ मध्ये त्याला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर.

त्या पैशावर त्याने हार्लेममधली साधी माणसं टिपली. स्वयंपाकघरात नाचणारं जोडपं, कामावरून परतणारी माणसं, आईच्या मांडीवरचं मूल. त्यातून लेखक लँग्स्टन ह्यूज यांच्याबरोबर १९५५ मध्ये 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे पुस्तक झालं. कृष्णवर्णीय वस्तीचे फोटो म्हणजे गरिबी नाहीतर गुन्हेगारी, असं समीकरण असलेल्या काळात या पुस्तकातली माणसं नुसती आपापलं घर चालवताना दिसतात.

त्याच वर्षांत तो रात्री जॅझ क्लबांत जाई. जॉन कोलट्रेन, बिली हॉलिडे, ड्यूक एलिंग्टन. फ्लॅश वापरायचा नाही हे त्याचं ठरलेलं होतं. जो उजेड आहे त्यातच. त्यामुळे शटर मंद, माणसं हललेली, आणि फोटो इतके गडद की पहिल्यांदा बघताना वाटतं छपाई बिघडली आहे. जरा थांबलात की काळ्यातून राखाडी, राखाडीतून कपाळ, मग सॅक्सोफोनची कड दिसायला लागते. डार्करूममध्ये तो पूर्ण काळा रंग टाळायचा आणि गडद राखाडीच्या छटांवर छटा रचायचा. १९६० चा कोलट्रेन आणि ड्रमवादक एल्विन जोन्स यांचा फोटो बघा: कोलट्रेन पुढे, एल्विन मागे धुक्यासारखा. दोघांपैकी कुणीही कडक फोकसमध्ये असल्याचं सुख देत नाही, आणि तरी ताल दिसतो.

'द साउंड आय सॉ' या पुस्तकात त्याने वादकांच्या शेजारीच रस्ते, जिने, कामगार, मुलं यांचे फोटो लावले. गाणं कुठून येतं हे त्याला दाखवायचं होतं. पुस्तकाचा आराखडा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, छापलं गेलं २००१ मध्ये. मध्ये चार दशकं गेली. २००९ मध्ये तो वारला.

आपल्याकडे

आपल्याकडे घरोघरी फोटो पोचले ते आगफा क्लिकसारख्या डबा कॅमेऱ्यांमुळे. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाची फिल्म बनवत असे. पुढे हॉट शॉट आले आणि लग्न, मुंज, सहल, सगळीकडे तो खटॅक ऐकू यायला लागला. रोल संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही हा घराघरातला कायदा, त्यामुळे एकाच रोलवर मे महिन्यातलं गाव आणि गणपतीतली आरास शेजारी शेजारी येई.

गाण्याच्या बाबतीत पुणं नशीबवान. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पिढ्यान्‌पिढ्या कलावंत गाऊन-वाजवून गेले. पुण्याच्या सतीश पाकणीकर यांनी फिल्मच्या काळापासून टिपलेली त्यांची भावचित्रं, प्रदर्शनं आणि दिनदर्शिका रसिकांना ठाऊक आहेत. देशपातळीवर रघु राय यांनी शास्त्रीय संगीतातल्या दिग्गजांना मैफलीत आणि घरातही गाठलं. रियाजाच्या खोलीतला कलावंत बघताना स्टेजवरचा अचानक वेगळा वाटू लागतो.

आणि तमाशा. संदेश भंडारे यांचं 'तमाशा एक रांगडी गंमत' हे पुस्तक मिळालं तर सोडू नका. फडाची रंगबाजी आणि कनातीमागचं रोजचं जगणं, दोन्ही त्यात शेजारी आहेत. डिकॅराव्हाने जॅझबद्दल जो प्रश्न विचारला, तोच इथे ढोलकीबद्दल विचारलेला दिसतो. रोजच्या मुंबईसाठी केतकी शेठ, सूनी तारापोरवाला आणि सफाई कामगारांमध्ये राहून काम केलेले सुधारक ओलवे, ही नावं शोधा.

रस्त्यावर उतरताना

रोजच्या जगण्याचे फोटो तांत्रिकदृष्ट्या स्टेजपेक्षा फार सोपे. ४०० ची फिल्म घाला. ३५ एमएमची लेन्स एफ/८ वर आणि फोकस ३ मीटरवर ठेवा. मग सुमारे २ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं, फोकसचं रिंग फिरवायची गरज नाही. मीटर बंद पडलेला कॅमेराही चालतो: ४०० च्या फिल्मला शटर १/५०० ठेवा, उन्हात एफ/१६, ढग असतील तर एफ/८, पावसाळी काळोखी असेल तर एफ/५.६. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहन करते, कमी प्रकाशावर रुसते. शंका असेल तिथे एक घर जास्त द्या.

अवघड आहे ते माणसांशी वागणं. फिल्म कॅमेऱ्याचा एक फायदा असा, की लोक कुतूहलाने विचारतात, 'अजून रोल मिळतो का?' तिथून बोलणं सुरू होतं. भाजीवाल्या मावशींनी नको म्हटलं तर नको. हो म्हटलं तर फोटो धुऊन आल्यावर एक प्रिंट त्यांना नेऊन द्या. त्यांच्याकडे स्वतःचा कागदावरचा फोटो बहुधा नसतोच.

खर्चाचं गणित कठोर आहे. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून दीड हजार रुपये धरले तर एक फोटो ४२ रुपयांना पडतो. कृष्णधवल रोल घरी धुता येतो. एक टाकी, तीन रसायनं, थर्मामीटर आणि पूर्ण अंधारी खोली, एवढं पुरतं. कॅमेरा घेताना पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ यांसारखा यांत्रिक घ्या, मीटरशिवाय बाकी कशालाच बॅटरी लागत नाही. पाठीमागचं झाकण उघडून शटरचे पडदे, आणि लेन्सला उजेडात धरून आतली बुरशी तपासा. मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. नवंच हवं असेल तर २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ आहे, तो अर्धी चौकट वापरून ३६ च्या रोलवर ७२ फोटो देतो. मात्र अंधाऱ्या स्टेजला तो नको.

विमानाने जात असाल तर न धुतलेले रोल चेक-इन बॅगेत टाकू नका. विमानतळांवर आलेली नवी सीटी स्कॅन यंत्रं फिल्मवर धुकं आणतात. पारदर्शक पिशवीत रोल हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. ऐकतीलच असं नाही, पण विचारावं.

निगेटिव्ह परत घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सोशल मीडियावरची पिढी नेमकं हेच करत नाही. लॅब लिंकवर स्कॅन पाठवते, आपण ते पोस्ट करतो आणि निगेटिव्ह आणायला जातच नाही. काही महिन्यांनी लॅब त्या टाकून देते. मग तुमच्याकडे उरतं ते फक्त स्कॅन, आणि निगेटिव्हमध्ये असलेला सगळा तपशील त्यात नसतो. शिकागोत मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईने आयुष्यभर रस्त्यावर काढलेल्या लाखभर निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावातल्या खोक्यांत निघाल्या, तेव्हा कुठे जगाला तिचं नाव कळलं. खोकी टिकली म्हणून.

आपल्या हवेत ती टिकवायला थोडं राबावं लागतं. निगेटिव्हवरचं जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाणं आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर असते. पीव्हीसीच्या चिकट पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे किंवा आम्लरहित कागदाचे खिसे घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, जेल निस्तेज झालं की वाळवून परत घाला. जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर त्या पट्टीचं प्लॅस्टिक विघटित होतंय असं समजा. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा आणि आधी तिचं स्कॅन करून घ्या.

फोनमधल्या फोटोला तारीख, वेळ, जागा आपोआप चिकटते. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव आणि चौकटीचा नंबर एवढंच असतं. म्हणून खिशावर लगेच लिहा: तारीख, गाव, सभागृह, फिल्म, कितीला काढली. मुख्य गायकाचं नाव तर पोस्टरवरही सापडेल. तबल्यावर कोण होतं, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्यावर बसलेली मुलगी कोण, हे त्याच रात्री विचारून पेन्सिलने लिहून ठेवा.